गर्भाशयाचा कर्करोग आणि नोंदवह्यांचा पुरावा

१. प्रास्ताविक

अस्सल कागदाची थोरवी या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. सनदा, महजर, निवाडे, वंशावळी, जमाखर्च व पत्रव्यवहार यांचे रुमाल आपणांपैकीं कित्येकांनीं जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून स्वतः खालीं उतरविले आहेत. परंतु कागदांचा एक वर्ग असा आहे कीं, त्यास 'ऐतिहासिक' हें विशेषण लावण्यास आपण सहसा तयार होत नाहीं. रुग्णालयांच्या नोंदवह्या, मृत्यूंचीं रजिस्टरें आणि डॉक्टर-वैद्यांचीं टिपणें हा तो वर्ग होय. या कागदांत लढाई नाहीं, तह नाहीं, वतनाचा तंटा नाहीं. म्हणून ते रद्दीच्या भावानें विकले जातात आणि त्याबद्दल कोणी हळहळतही नाहीं.

या उपेक्षित कागदांची बाजू प्रस्तुत लेखांत आम्ही एकाच विषयाच्या आधारें मांडणार आहोंत. तो विषय म्हणजे स्त्रियांच्या जननेंद्रियांचा कर्करोग, त्यावरील उपचार आणि त्या रोगानें पीडित झालेल्या स्त्रियांची शुश्रूषा. विषय संकोचाचा आहे हें आम्ही जाणतों; परंतु या रोगाच्या इतिहासांत संकोचानें जितके बळी घेतले आहेत तितके दुसऱ्या फारच थोड्या कारणांनीं घेतले असतील. तेव्हां इतिहास लिहिणारानें तरी तो बाजूस ठेवणें प्राप्त आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. या रोगाच्या उपचारांत जें जें पाऊल पुढें पडलें, त्याच्या मागें कोणी तरी चिकाटीनें ठेवलेली नोंद सांपडते. जेथें नोंद नव्हती तेथें रोगी स्त्री जणूं अस्तित्वांतच नव्हती. मात्र नोंद म्हणजे शुश्रूषा नव्हे, हेंही याच कागदांवरून सिद्ध होतें. या दोन्ही गोष्टी पुढें क्रमानें दाखवितों.

२. प्राचीन ग्रंथांतील उल्लेख

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत ३० व्या अध्यायांत २० योनिव्यापदांचें वर्णन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत, ११ व्या अध्यायांत अर्बुदाचीं लक्षणें दिलीं आहेत : गांठ वाटोळी, स्थिर, थोडी दुखणारी, खोल मूळ धरलेली, सावकाश वाढणारी व न पिकणारी. हीं दोन्ही स्थळें एकत्र करून आमच्या पूर्वजांस गर्भाशयाचा कर्करोग पूर्णपणें अवगत होता, असें विधान करण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरणें इष्ट आहे. अर्बुदांत साध्या गांठीही येतात, आणि योनिव्यापदांत साधे स्राव व पाळीचे विकारही येतात. ग्रंथकारांची दृष्टि सूक्ष्म होती, एवढेंच त्यावरून निर्विवादपणें म्हणतां येतें. ग्रीक वैद्यांनीं या व्याधीस खेंकड्याचें नांव दिलें; आपला 'कर्करोग' हा शब्दही त्याच अर्थाचा आहे.

या ग्रंथांची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. त्यांत रोग आहे, रोगी नाहीं. अमुक गांवची अमुक वयाची स्त्री आली, तिच्या अंगावर इतके महिने जात होतें, हें औषध दिलें आणि पुढें तिचें असें झालें, असा वृत्तांत संहितेंत शोधून मिळणार नाहीं. तो ग्रंथाचा हेतूच नव्हे. तो वृत्तांत देणारे कागद निराळे, आणि ते फार उशिरां जन्मास आले.

३. व्हेरोना येथील मृत्यूंचीं रजिस्टरें

इटलींतील व्हेरोना शहरीं इ. स. १७६० पासून १८३९ पर्यंत झालेल्या मृत्यूंच्या नोंदी रिगोनी-स्टर्न नांवाच्या वैद्यानें तपासल्या व आपला निष्कर्ष इ. स. १८४२ सालीं प्रसिद्ध केला. ८० वर्षांचीं हीं रजिस्टरें कोणी शास्त्रासाठीं लिहिलीं नव्हतीं. मेलेल्या माणसाचें नांव, वय, स्थिति आणि मरणाचें कारण टिपून ठेवणें हा एक कारकुनी शिरस्ता होता. रिगोनी-स्टर्न यानें त्यांतील स्त्रियांची विवाहित, विधवा, अविवाहित व जोगिणी अशी विभागणी करून पाहिली. तेव्हां त्यास असें दिसलें कीं, गर्भाशयाचा कर्करोग विवाहित व विधवा स्त्रियांत पुष्कळ आणि मठवासी जोगिणींत क्वचित् आढळतो. उलट स्तनाचा कर्करोग जोगिणींत अधिक आढळतो.

या पुराव्याची छाननी केली असतां त्यांत दोष सांपडतात. गर्भाशयाचें मुख व गर्भाशयाचा वरचा भाग यांच्या कर्करोगांत त्यानें भेद केलेला नाहीं. मरणाचें कारण त्या काळच्या वैद्यास जसें वाटलें तसें लिहिलेलें आहे. जोगिणींची संख्याही थोडी आहे. असें असूनही त्यानें काढलेला माग खरा होता. इ. स. १९८३ सालीं हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार सांपडला, व पुढच्याच वर्षीं १८ क्रमांकाचा. शरीरसंबंधांतून पसरणारा हा विषाणु या रोगाचें मूळ होय हें त्यानंतर निश्चित झालें, आणि इ. स. २००८ सालीं त्सुर हाउसेन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. कारकुनांनीं लिहिलेल्या मृत्युनोंदींनीं ज्या दिशेस बोट दाखविलें होतें, तेथपर्यंत पोंचण्यास शास्त्रास सुमारें १४० वर्षें लागलीं.

येथें एक खुलासा अवश्य आहे. हा विषाणु अत्यंत सामान्य आहे. बहुतेक स्त्रीपुरुषांस तो केव्हां ना केव्हां होतो आणि बहुतेकांच्या शरीरांतून आपोआप नाहींसा होतो. ज्या थोड्या स्त्रियांत तो वर्षानुवर्षें टिकतो त्यांच्यांतच पुढें कर्करोगाचें भय असतें. म्हणून या रोगावरून कोणाही स्त्रीच्या शीलाविषयीं अनुमान काढणें हें शास्त्रदृष्ट्या चूक व माणुसकीच्या दृष्टीनें निंद्य आहे.

४. असाध्य रोग्यांचीं घरें

ज्या वर्षीं व्हेरोनाचा निबंध प्रसिद्ध झाला, त्याच १८४२ सालीं फ्रान्सांतील लियों शहरीं झान गार्निए नांवाच्या एका विधवेनें इतर विधवांना जमवून एक मंडळी स्थापन केली. तिचें कार्य, जिच्यावर इलाज नाहीं व जिला कोणी घरांत ठेवीत नाहीं अशा कर्करोगग्रस्त स्त्रीस आश्रय देणें, तिच्या जखमा धुणें आणि शेवटपर्यंत तिच्याजवळ राहणें, असें होतें. या मंडळीच्या शाखा पुढें पॅरिस व न्यूयॉर्क येथपर्यंत गेल्या.

याच्याही आधीं, इ. स. १७४० सालीं, फ्रान्सांतच रॅंस येथें गोदिनो नांवाच्या धर्माधिकाऱ्याच्या द्रव्यानें कर्करोग्यांसाठीं एक लहान इस्पितळ निघालें होतें. रोग लागट आहे अशा समजुतीनें शेजाऱ्यांनीं ओरड केली आणि तें इस्पितळ अखेर गांवाबाहेर न्यावें लागलें. लंडनच्या मिडलसेक्स इस्पितळांत इ. स. १७९२ सालीं कर्करोग्यांसाठीं निराळा कक्ष उघडला, व रोगी बरा होवो वा न होवो, त्यास मुदतीच्या कारणानें बाहेर घालवावयाचें नाहीं असा नियम ठेवला. त्या काळीं इस्पितळें असाध्य रोग्यास दारांत उभें करीत नसत, हें लक्षांत घेतलें म्हणजे या नियमाचें महत्त्व कळेल.

या संस्थांचा उल्लेख करण्याचें कारण असें कीं, वैद्यकाचे इतिहास बहुधा शस्त्रवैद्यांच्या पराक्रमांनीं भरलेले असतात. परंतु ज्या काळांत शस्त्र, किरण व औषध यांपैकीं कांहींच नव्हतें, त्या काळींही दुर्गंधीनें टाकलेल्या स्त्रीजवळ बसणारे कोणी होते. शुश्रूषा ही उपचारापेक्षां वयानें वडील आहे.

५. शस्त्राचा काळ

इ. स. १८०९ च्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील केंटकी प्रांतीं डॅनव्हिल गांवीं एफ्रेम मॅकडॉवेल यानें जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीच्या पोटांतून बीजकोशाची सुमारें २२ पौंड वजनाची गांठ काढली. ती स्त्री सुमारें ६० मैल घोड्यावरून आली होती. भूल देण्याची विद्या तेव्हां नव्हती. ती पुरी बरी झाली आणि पुढें ३२ वर्षें जगली. ही गांठ कर्करोगाची होती असें कांहीं लेखक ठोकून देतात. परंतु रोगी इतकीं वर्षें जगली यावरून तें संभवनीय दिसत नाहीं. पोट उघडूनही स्त्री जगूं शकते, हें मात्र या प्रसंगानें सिद्ध झालें.

गर्भाशयाच्या कर्करोगासाठीं पोटावाटे सबंध गर्भाशय काढण्याची पद्धति फ्रॉइंड या जर्मन शस्त्रवैद्यानें इ. स. १८७८ सालीं घातली. इ. स. १८९५ सालीं बाल्टिमोर येथें जॉन क्लार्क यानें, व इ. स. १८९८ सालीं व्हिएन्ना येथें अर्न्स्ट व्हेर्टहाइम यानें, गर्भाशयासह आजूबाजूच्या उती व गांठी काढण्याची मोठी शस्त्रक्रिया केली. ही शस्त्रक्रिया पुढें व्हेर्टहाइमच्या नांवानें प्रसिद्ध झाली. क्लार्क आधीं असतां नांव व्हेर्टहाइमचें कां, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर नोंदींत आहे. व्हेर्टहाइमनें इ. स. १९११ सालीं आपल्या ५०० रुग्णांचा वृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. पहिल्या पहिल्या शस्त्रक्रियांत कित्येक स्त्रिया दगावल्या. तें त्यानें लपविलें नाहीं. ज्या वांचल्या त्यांचा माग वर्षानुवर्षें ठेवला. पांच वर्षांनंतर किती जिवंत, हा आज जगभर चालणारा प्रश्न अशाच पाठपुराव्यांतून रूढ झाला.

६. रेडियम व राष्ट्रसंघाचा वृत्तांत

इ. स. १८९८ सालींच मारी व पिएर क्युरी यांनीं रेडियम शोधून काढलें. इ. स. १९०३ सालीं न्यूयॉर्क येथें मार्गारेट क्लीव्हज या स्त्रीडॉक्टरनें गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर त्याचा उपयोग केला. गर्भाशयाचें मुख बाहेरून पोंचण्यासारखें असल्यामुळें रेडियमची नळी तेथें नेऊन ठेवतां येते, म्हणून या रोगास किरणोपचार विशेष लागू पडले. इ. स. १९१० सालीं स्टॉकहोम येथें रेडियमगृह स्थापन झालें. स्टॉकहोम, पॅरिस व मँचेस्टर अशा तीन पद्धति हळूहळू रूढ झाल्या. लंडन येथें इ. स. १९२९ सालीं स्त्रीडॉक्टरांनीं चालविलेलें मारी क्युरी इस्पितळ केवळ स्त्रियांवर रेडियमचे उपचार करण्यासाठीं निघालें. इ. स. १९४४ सालच्या बाँबहल्ल्यांत तें उद्ध्वस्त झालें.

परंतु प्रत्येक शहर आपलीच पद्धति श्रेष्ठ म्हणूं लागलें. एकाकडे रोग आरंभींच सांपडलेल्या स्त्रिया अधिक, दुसऱ्याकडे रोग बळावल्यावर आलेल्या अधिक. मग तुलना होणार कशी? हा वाद शस्त्रानें अगर किरणानें मिटण्यासारखा नव्हता. राष्ट्रसंघाच्या आरोग्यशाखेनें इ. स. १९२९ सालीं रोगाच्या चार अवस्था ठरवून दिल्या, आणि इ. स. १९३७ पासून निरनिराळ्या देशांतील रुग्णालयांचे आंकडे एकाच नमुन्यावर छापण्यास आरंभ केला. स्वीडनचे हेमान यांनीं तें संपादनाचें काम पाहिलें. राष्ट्रसंघ पुढें बुडाला, महायुद्ध झालें, पण ही नोंद चालूं राहिली. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें ती पुढें आपल्याकडे घेतली. आजही डॉक्टर 'दुसरी अवस्था', 'तिसरी अवस्था' असें म्हणतात तेव्हां त्याच जुन्या कोष्टकाची वंशज भाषा बोलत असतात.

७. महाराष्ट्रांतील कागद

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. येथें पहिला अडसर औषधाचा नव्हता, सांगण्याचा होता. 'अंगावर जातें' एवढे शब्द सासूजवळही निघत नसत, तेथें परक्या पुरुषास ते कसे सांगावे ? इ. स. १८८३ सालीं श्रीरामपूर येथें केलेल्या भाषणांत आनंदीबाई जोशी यांनीं हिंदु स्त्रीडॉक्टरांची या देशास गरज आहे, हेंच आपल्या अमेरिकागमनाचें कारण सांगितलें. इ. स. १८८६ सालीं त्यांस पदवी मिळाली, आणि त्याच सालीं मुंबईस स्त्रियांसाठीं व स्त्रीडॉक्टरांच्या हातीं चालणारें कामा इस्पितळ सुरूं झालें. आनंदीबाई दुसऱ्याच वर्षीं वारल्या. पण त्यांनीं सांगितलेलें कारण आजही लागू आहे.

इ. स. १९४१ च्या फेब्रुवारींत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील रोगनिदानशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं आलेल्या रुग्णांची जातिधर्मवार छाननी केली. तींत हिंदु स्त्रियांत गर्भाशयमुखाचा, तर पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक, असें दिसून आलें. व्हेरोनाच्या रजिस्टरांची ही मुंबईंतील भावंडेंच म्हणावयाचीं. विवाहाचें वय, बाळंतपणें, राहणी यांचा रोगाशीं संबंध आहे, हें येथेंही प्रथम कागदानेंच दाखविलें. इ. स. १९६३ सालीं इंडियन कॅन्सर सोसायटीनें मुंबई शहराची कर्करोग-नोंदवही सुरूं केली. सबंध लोकवस्तीची अशी नोंदवही हिंदुस्थानांत हीच पहिली.

शहराची नोंद झाली, खेड्यांचें काय? बार्शी येथें डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकारानें इ. स. १९८२ सालीं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय निघालें, आणि इ. स. १९८७ सालीं बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांची ग्रामीण नोंदवही सुरूं झाली. शहरांत नोंद करणारास रुग्णालयांची दप्तरें पाहून काम भागवितां येतें. खेड्यांत रोगी रुग्णालयापर्यंत येतच नव्हते, म्हणून नोंदकारांस गांवोगांव हिंडावें लागलें. ते नुसतें विचारीत नसत. पाळी गेल्यावर पुन्हां रक्त दिसलें, संबंधानंतर रक्त गेलें, दुर्गंधी पांढरें जाऊं लागलें, तर रुग्णालयांत या, असें सांगत. याचा परिणाम असा झाला कीं, थोड्याच वर्षांत रोग आरंभींच्या अवस्थेंत सांपडलेल्या स्त्रियांचें प्रमाण वाढूं लागलें. नोंद करावयास गेलेला मनुष्यच येथें उपचाराचा दूत ठरला.

याच सुमारास, इ. स. १९८९ सालीं, डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन गांवांच्या ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तींत शेंकडा ९२ स्त्रियांत कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. त्यांपैकीं फारच थोडे कर्करोगाचे असले, तरी पूर्वीं कधीं तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा ८ च होत्या, हा आंकडा आमच्या विषयास लागू आहे. उरलेल्या शेंकडा ९२ स्त्रियांची व्यथा तोंपर्यंत कोणत्याही कागदावर नव्हती.

८. दोन मोठ्या चौकश्या आणि एक आक्षेप

बार्शीच्या अनुभवावरून, टाटा रुग्णालय व लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्था यांच्या सहकार्यानें, इ. स. १९९९ पासून त्या वेळच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चौकशी झाली. गांवांचे ५२ गट करून ते चार भागांत वांटले. एका भागांत विषाणूची परीक्षा, दुसऱ्यांत पेशींची परीक्षा, तिसऱ्यांत सिरक्याच्या आम्लाचा बोळा लावून डोळ्यांनीं पाहणी झाली. चौथा भाग गांवच्या नेहमींच्या सोयींवर राहिला. आठ वर्षांनंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यु मोजले, ते असे : विषाणुपरीक्षेच्या भागांत ३४,१२६ स्त्रियांत ३४, पेशीपरीक्षेच्या भागांत ३२,०५८ स्त्रियांत ५४, आम्लपाहणीच्या भागांत ३४,०७४ स्त्रियांत ५६, चौथ्या भागांत ३१,४८८ स्त्रियांत ६४. आयुष्यांतून एकदांच केलेल्या विषाणुपरीक्षेनें मृत्यु जवळ जवळ निम्म्यावर येतात, हें या आंकड्यांनीं इ. स. २००९ सालीं जगास दाखविलें.

मुंबईच्या झोंपडवस्त्यांत इ. स. १९९८ पासून डॉ. सुरेंद्र शास्त्री व त्यांचे सहकारी यांनीं सुमारें दीड लक्ष स्त्रियांची अशीच चौकशी केली. तेथें दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांच्याकडून दर दोन वर्षांनीं आम्लाची पाहणी करविली. बारा वर्षांत मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३१ नीं उतरलें. परीक्षकाची पदवी मोठी असण्यापेक्षां ती ओळखीची बाई असणें अधिक उपयोगी पडतें, हा या चौकशीचा धडा होय.

परंतु इतिहासकारानें येथेंच लेखणी थांबवूं नये. ज्या भागांत तपासणी केली नाहीं, त्या भागांतील स्त्रियांचे मृत्यु मोजणें न्याय्य होतें काय, असा आक्षेप पुढें देशोदेशींच्या विद्वानांनीं घेतला. चौकशी करणारांचें म्हणणें असें कीं, देशांत सर्वत्र तपासणीचा अभाव हीच नेहमींची स्थिति होती आणि तुलनेवांचून कोणतें सरकार खर्च करण्यास तयार झालें नसतें. आक्षेपकांचें म्हणणें असें कीं, तपासणीनें जीव वांचतात हें इतर देशांत पूर्वींच दिसलें होतें. दोन्ही बाजू वजनदार आहेत. आमच्या मतें निवाडा कोणताही होवो, चौथ्या भागांतील ६४ हा आंकडा नुसता आंकडा म्हणून वाचण्याचा अधिकार आपणांस नाहीं. त्या ६४ स्त्रियांच्या मरणाचें ऋण या ज्ञानावर आहे. नोंद म्हणजे शुश्रूषा नव्हे असें जें आम्हीं आरंभीं म्हटलें, तें यासाठींच.

९. नोंदवहीचे रिकामे रकाने

जुन्या नोंदींत नांव, वय, अवस्था, उपचार, 'जिवंत' अगर 'मृत' एवढे रकाने भरलेले असतात. 'दुःख किती' असा रकाना नसतो. रेडियमनें रोग गेला, पण मूत्राशय अगर गुदाशय भाजून भोंक पडलें व स्त्री जन्माची ओली राहिली, तरी ती 'जिवंत' या सदरांतच मोजली जाई. तरुण स्त्रीचे बीजकोश गेल्यानें पाळी अकालीं बंद होणें, पाय सुजणें, संसारसुख तुटणें, नवऱ्यानें माहेरीं पाठवून देणें, यांचा कागदावर मागमूस नाहीं. हे रकाने गेल्या कांहीं दशकांतच हळूहळू भरूं लागले आहेत.

उपचारही थांबलेले नाहींत. टाटा रुग्णालयांत इ. स. २००३ ते २०११ या काळांत तिसऱ्या अवस्थेंतील ८५० स्त्रियांवर केलेल्या परीक्षेंत, किरणांबरोबर दर आठवड्यास सिस्प्लॅटिन हें औषध दिल्यास पांच वर्षें जगणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ४६ वरून ५४ वर जातें, असें दिसलें. तरीही शंभरांतल्या ४६ उरतातच. त्यांच्यासाठीं काय करावयाचें, याचें उत्तर लियोंच्या विधवांनीं दिलें तेंच आहे. साधनें मात्र सुधारलीं आहेत. दुर्गंधीवर मेट्रोनिडाझोलची पूड, रक्तस्रावावर घट्ट बोळा व थोडे किरण, वेदनेवर तोंडावाटे मॉर्फिन, आणि घरच्या माणसांस जखम धुण्याची शिकवण, हीं साधनें महाग नाहींत. इ. स. १९८६ सालीं डॉ. डिसोझा यांनीं मुंबईस वांद्रे येथें शांती आवेदना आश्रम काढला; असाध्य कर्करोग्यांचें हिंदुस्थानांतील हें पहिलें घर. त्याची शाखा गोमंतकांतही निघाली. परंतु आदल्याच वर्षीं, इ. स. १९८५ सालीं, अमली पदार्थांचा कायदा झाला होता. त्याच्या परवान्यांच्या जंजाळांत मॉर्फिन औषधालयांतून जवळ जवळ नाहींसें झालें. ज्या देशांत अफू पिकते त्याच देशांत रोगी स्त्रिया वेदनेनें तळमळत मरत होत्या. इ. स. २०१४ सालीं कायदा सुधारला गेला. तोंपर्यंतचीं तीं २९ वर्षें कोणत्याही रकान्यांत लिहिलेलीं नाहींत.

नांवाच्या रकान्याविषयींही दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. बाल्टिमोर येथें इ. स. १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स या निग्रो स्त्रीवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीं रेडियमचे उपचार झाले. तिच्या गांठीचा तुकडा तिला न विचारतां प्रयोगशाळेंत नेण्यांत आला. ती त्याच वर्षीं वारली. तिच्या पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत अद्यापि वाढत आहेत. पुष्कळ वर्षें तिचें नांव 'हेलन लेन' असें चुकीचें सांगितलें जाई. शस्त्रवैद्यांचीं नांवें शस्त्रक्रियांस मिळालीं. जिच्या देहावर विद्या उभी राहिली तिचें नांवसुद्धां नीट राहिलें नाहीं.

१०. उपसंहार

इ. स. २०२० सालच्या अंदाजाप्रमाणें भारतांत त्या एका वर्षीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारें १ लक्ष २३ हजार नव्या रोगी स्त्रिया आढळल्या, व सुमारें ७७ हजार स्त्रिया मेल्या. या रोगाची लस आहे, परीक्षा आहे, आरंभीं सांपडल्यास उपाय आहे. इ. स. २०२२ सालीं पुण्याच्या सीरम संस्थेची लसही पुढें आली. तरी इतक्या स्त्रिया मरतात, याचें कारण ज्ञानाचा अभाव नसून तें त्यांच्यापर्यंत न पोंचणें हें होय.

संग्राहक मंडळींस आमची विनंति एवढीच आहे. जुन्या दवाखान्याचें दप्तर निघतांना, एखाद्या डॉक्टरच्या अगर सुइणीच्या घरीं वह्यांचा गठ्ठा सांपडला असतां, तो रद्दींत जाऊं देऊं नये. वाळवीपासून तो जपावा, साल व गांव यांची टांचणी लावावी. मात्र त्यांतील स्त्रियांचीं नांवें प्रसिद्ध करूं नयेत. त्यांनीं आपली व्यथा डॉक्टरांस सांगितली होती, आपणांस नव्हे. हेन्रिएटा लॅक्सचें नांव पुसणें हा जसा अन्याय, तसाच घरंदाज लेकीबाळींचीं नांवें चव्हाट्यावर मांडणें हाही अन्यायच. वाचावयाचें तें त्यांचें वय, त्या किती दिवस घरांत गप्प राहिल्या, किती मैल चालून आल्या आणि पुन्हां आल्या कीं नाहीं, हें.

आणि ही टांचणी लावून झाल्यावर घरांतील आई, बहीण, पत्नी यांपैकीं ज्यांचें वय तीस उलटलें आहे त्यांची तपासणी झाली आहे काय, एवढें संशोधकानें एकदां विचारावें. दप्तरांतील मेलेल्या स्त्रियांची चौकशी करणारास घरांतील जिवंत स्त्रियांची चौकशी टाळतां येत नाहीं.